फेरीवाल्याच्या पाठीवरचा अंगठा

ट्रेव्हर ओल्डरशॉला कुठे पोचा दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. सगळी हयात नॉटिंगहॅमच्या बसडेपोत गेली, तीही चेपलेले पत्रे सरळ करण्यात. ठोकायचं, पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. बसला कधी काही झालंच नव्हतं असं दिसलं पाहिजे, एवढंच त्याला ठाऊक. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. पबमध्ये बसला तरी बोलता बोलता टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि टवका उडालेला लागला की मालकाकडे असं बघायचा, जसं काही त्यानेच मुद्दाम उडवलाय.

दुसरा नाद शिपायांचा. बोटभर उंचीचे शिशाचे नाहीतर प्लॅस्टिकचे शिपाई, त्यांच्या फौजा टेबलावर मांडायच्या आणि फासे टाकून लढाया खेळायच्या. बुलवेलच्या चॅपलमागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी या मंडळींचा अड्डा जमतो. ट्रेव्हरला लढाईशी फारसं देणंघेणं नव्हतं, हरला काय नि जिंकला काय. त्याचा जीव जोडाजोडीत. एका खोक्यातलं धड, दुसऱ्यातले पाय, तिसऱ्या कुठल्या राक्षसाचा हात असं कापून, चिकटवून जगातल्या कुठल्याच दुकानात मिळणार नाही असा गडी उभा करायचा. सांधे बुजवायला नि झगे घडवायला हिरवी पुट्टी. ती मळली की थोडा वेळच मऊ राहते, आणि चिकट अशी की कोरड्या बोटाने दाबली तर बोटाची रेघ न् रेघ उमटते. वाळली की दगड. म्हणून बोट ओलं करून दाबायचं. हा ट्रेव्हरचा धर्म, आणि क्लबात नवा येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकून घ्यावाच लागायचा.

त्याचा मुलगा रसेल अकरा वर्षांचा असताना त्याने पहिला गडी स्वतः जोडला. भांडी विकणारा फेरीवाला. पाय एका बुटक्याचे, धड जुन्या शिशाच्या भिक्षूचं, डोकं कुठल्याशा तोफचीचं, खांद्यावर झेंड्याची मोडकी काठी आणि तिला टांगलेली भांडी म्हणजे रणगाड्याचे सुटे भाग. पाठीवरून खाली हिरव्या पुट्टीचा झगा.

"पाठीवर अख्खा अंगठा उमटलाय बघ," ट्रेव्हर म्हणाला. "बोट ओलं कर म्हणून किती वेळा सांगायचं? घासून टाक तो."

"जाऊ दे ना डॅड. ओझं वाहून वाहून खड्डा पडलाय त्याच्या पाठीला."

"ओझ्याने खड्डा पडतो. त्यात रेघा नाही पडत, गाढवा!"

रसेलची आई लिनेट भांडी विसळता विसळता इतकी हसली की तिने तो फेरीवाला उचलून सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. "हा माझा. याला कुणी घासायचं नाही," म्हणाली. तेव्हापासून तो तिथेच.

पोरगं पुढे बापाच्या वरताण निघालं. त्याने जोडलेल्या गड्यात सांधा कुठे आहे ते भिंग लावूनही सापडायचं नाही. ट्रेव्हर तोंडावर कधी शाबास म्हणाला नाही, पण क्लबात रसेलचे गडी खिशातून काढून दाखवत फिरायचा. बाविसाव्या वर्षी, जानेवारीतल्या एका सकाळी, कामावर जाताना रसेलची मोटरसायकल गोठलेल्या रस्त्यावरून घसरली. संपलं. ट्रेव्हर रडला नाही. दफन झालं आणि दोन दिवसांनी तो डेपोत जाऊन पत्रे ठोकायला लागला. रसेलचं खोकं त्याने माळ्यावर ठेवलं आणि परत उघडलं नाही.

लिनेट मात्र रोज सकाळी किटली लावली की खिडकीतला फेरीवाला हातात घ्यायची आणि पाणी उकळेपर्यंत तशीच उभी राहायची. ट्रेव्हरला वाटायचं, धूळ पुसते. ती धूळ पुसत नव्हती. पाठीवरच्या त्या खळग्यात स्वतःचा अंगठा टेकवून ती उभी असायची. पोराचं कातडं जिथे टेकलं होतं आणि अजून रेघारेघांनी दिसत होतं अशी घरात तेवढीच एक जागा होती. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही. असली गोष्ट सांगून दाखवायची म्हणजे तिला कसंसंच वाटायचं.

दर वर्षी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी क्लब आपल्यातल्या गेलेल्यांसाठी खेळतो. त्यांतल्या ज्याची पाळी असेल त्याने बनवलेला एक गडी त्या दिवशी सेनापती, आणि फासे काहीही पडोत, तो मरत नाही. या वर्षी क्लबचा कारभारी नेव्हिल रॅग दम खात ओल्डरशॉंच्या दारात आला.

"रसेलचं नाव घ्यायचंय या वेळी," तो टोपी हातात घेऊन म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर."

इतकी वर्षं ट्रेव्हरच नको म्हणत आला होता. या वेळी त्याने लिनेटकडे पाहिलं. तिने खिडकीतला फेरीवाला स्वतः रुमालात गुंडाळून ट्रेव्हरच्या हातात दिला.

"एका दिवसापुरता हं. आणि हात नको लावू त्याला."

"हात न लावता नेऊ कसा? पायाने?"

"कळतंय तुला मी काय म्हणतेय ते."

ट्रेव्हरला कळलं नव्हतं. त्याला वाटलं, पाडू नको म्हणतेय.

घरामागच्या शेडमध्ये नेऊन त्याने दिव्याखाली धरला तर रंगाचे पोपडे निघालेले, भांड्यांवर खिडकीतल्या वाफेचा चिकटा. नेव्हिल म्हणाला होता, "असू दे रे राजा, पोराचा आहे, जसा आहे तसा आण." तिथेच ट्रेव्हरचं डोकं फिरलं. माझ्या पोराचा गडी, आणि लोकांनी दया म्हणून चालवून घ्यायचा? त्याने ब्रश काढला, पोपडे सोडवले, भांडी चकचकीत केली. मग गडी पालथा केला. पाठीवर खळगा. आयुष्यभर जे केलं तेच हातांनी केलं, डोक्याला विचारायला ते थांबले नाहीत. आधी कानस, मग पॉलिश पेपर. खालचं सपाट असल्याशिवाय नवी पुट्टी धरत नाही. "बोट ओलं कर म्हणून सांगत होतो की नाही?" तो मोठ्याने म्हणाला, आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्याशी बोलल्यासारखं वाटून त्याला जरा बरंही वाटलं. नव्या पुट्टीवर त्याने झग्याच्या चुण्या काढल्या. ओल्या बोटाने. वर तपकिरी रंग.

शनिवारी हॉलमध्ये फेरीवाल्याने फौज चालवली. दोनदा मेला असता, दोनदा सगळ्यांनी आरोळी ठोकून त्याला उभा केला. नेव्हिलने नाक शिंकरत सगळ्यांना बिअर पाजली. ट्रेव्हर घरी आला तो लहान पोराने बक्षीस आणावं तसा.

"बघ," तो म्हणाला आणि फेरीवाला लिनेटच्या तळहातावर ठेवला.

लिनेटने तो पाहिला नाही. तिचा अंगठा सवयीने पाठीवर गेला. एकदा फिरला. परत फिरला. मग तिने गडी उलटा करून खिडकीशी धरला.

"इथे खळगा होता."

"होता ना. बुजवला. सांधा सापडतोय का बघ बरं!"

"ट्रेव्हर, तो त्याचा अंगठा होता."

त्याला पटकन उमगलं नाही. मग उमगलं. "मी पुट्टी उकरून काढतो," तो म्हणाला. "ताजी आहे, निघेल."

"खाली काय आहे?"

खाली काही नव्हतं. ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"अगं, मला काय माहीत! तू कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले," लिनेट म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर चाललं असतं.

त्याने तसंच माळ्यावरून रसेलचं खोकं खाली आणलं आणि जेवणाच्या टेबलावर रिकामं केलं. "त्याने इतके गडी जोडलेत. एकावर तरी असेल. पोरगंच ते, एकदा तरी चुकलं असेल." दोघं समोरासमोर बसले, मध्ये भिंगाचा दिवा. झगे, टोप्या, पिशव्या, घोड्यांच्या झुली, एकेक गडी दोघं फिरवून फिरवून बघत होते. ज्या हिरव्या पुट्टीवर ट्रेव्हर मनातल्या मनात जीव टाकायचा, ती सगळीकडे लोण्यासारखी गुळगुळीत. कुठे ओरखडा नाही, रेघ नाही. मरणाच्या आदल्या आठवड्यात अर्धवट सोडलेल्या अस्वलाच्या पाठीवरही नाही.

मग तळाशी पुट्टीचा एक वाळका गोळा सापडला, उरलेला, टाकायचा राहिलेला. त्यावर ठसा होता. लिनेटने तो दोन्ही हातांत घेतला आणि तोंडावर हात ठेवावा तसा ओठांवर धरला.

"दाखव," ट्रेव्हर म्हणाला. दिव्याखाली बघितला. ठसा रुंद होता, आणि रेघांवरून तिरपी चीर गेली होती, पत्र्याने कापलेल्या जुन्या जखमेची. त्याने आपला अंगठा त्यावर ठेवला. बरोब्बर बसला. कधीतरी पोराच्या टेबलाशी वाकून, त्यालाच शिकवता शिकवता, त्याने स्वतः कोरड्या बोटाने दाबला होता तो गोळा.

"माझाच आहे," तो म्हणाला.

लिनेटने टेबलावरच्या गड्यांवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"फार चांगलं शिकवलंस रे तू त्याला," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ट्रेव्हर भांडला असता, आणि भांडणात कसंतरी निभावून गेलं असतं. तिला खरंच तसं म्हणायचं होतं. इतकी वर्षं दाबून धरलेलं रडणं मग त्याला आवरेना, त्या गड्यांमध्येच डोकं टेकून तो ओक्साबोक्शी रडला. लिनेटने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. पण ती उठूनही गेली नाही.