भावाच्या पोटऱ्या
बेडकाच्या मणक्यात सुई खुपसून फिरवायची, म्हणजे त्याचा मज्जारज्जू निकामी होतो. मग पोटरीचा स्नायू नसेसकट सोलून काढायचा, नसेला विजेचा झटका द्यायचा आणि काजळी धरलेल्या कागदावर स्नायूची उडी नोंदवायची. आयुष्यभर मी हेच केलं; आधी कॉलेजात शिकवताना, पुढे नसा आणि स्नायूंच्या आजारांवर संशोधन करताना. माझा हात कधी थरथरला नाही. मॅडमला दयामाया नाही, असं पोरं पाठीमागं म्हणायची. बरोबरच म्हणायची. पण माझा हात काही बेडकांवर बसलेला नाही. तो फार आधी बसला, आमच्या गावी, उंद्रीत, माझ्या सख्ख्या धाकट्या भावावर.

आमचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. बाबा तरुणपणी तालमीत घुमलेले. भाऊ सहा-सात वर्षांचा झाला तशा त्याच्या पोटऱ्या टणक, फुगीर दिसायला लागल्या आणि बाबांना वेडच लागलं. येईल त्याच्यासमोर त्याला उभा करायचे. "पाहा, पैलवानाची पोटरी हाय!" लोक चापटी मारून बघायचे आणि माना डोलवायचे. बांध चढताना तो मागे राहतो, पळताना तोंडावर आपटतो, हे दिसत सगळ्यांना होतं. पण एवढ्या पोटऱ्यांचं पोरगं पडतं म्हणजे ते कामचोर, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मीसुद्धा.

यात्रेच्या दंगलीत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या. बाबांनी त्याला लाल मातीत सोडलं. समोरचं पोरगं काडीसारखं. त्यानं नुसता हात लावला आणि माझा भाऊ आडवा. हरला ते हरला, पण उठेना. आधी पालथा झाला, ढुंगण वर केलं, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच पायांवर हातांनी चढत चढत उभा राहिला. माणसं पोट धरधरून हसली.

"नाटकं करून राह्यला काय बे?" बाबांनी तिथंच लाथ घातली. तो पडला आणि पुन्हा तसाच चढत उठायला लागला. लोक पुन्हा हसले. घरी येईपर्यंत बाबांनी त्याच्या पाठीवर निंबाचा फोक मोडला. आई मध्ये पडली, तर तिचा ओठ फुटला.

दुसऱ्या दिवसापासून बैठका सुरू झाल्या. सकाळी पन्नास, संध्याकाळी पन्नास. बाबा मळ्यात असले की बैठका मोजायचं आणि फोक चालवायचं काम माझं. मी बारा वर्षांची होते. लिहायला लाज वाटते, पण मला ते काम आवडायचं. त्याच्या पोटऱ्यांचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पंधरा-वीस बैठका झाल्या की तो खाली बसायचा आणि वर यायचाच नाही.

"ताई, नको मारू वं. पायच ऐकून नाही राह्यले माहे."

"लबाडा, ऊठ!" मी नेमकी पोटऱ्यांवरच हाणायची. जुने वळ निळे, त्यांवर नवे लाल. तो फारसा रडायचा नाही. "मी खोटं नाही बोलत," एवढंच म्हणत राहायचा, आणि त्यानं माझा राग जास्तच पेटायचा.

असं तीन वर्षं चाललं. एका सकाळी तो अंथरुणातून उठलाच नाही. बाबांनी त्याच्यावर पाणी ओतलं, केस धरून त्याला उभा केला आणि सोडला. तो भिंतीवर डोकं आपटून कोसळला. भुवईतून रक्ताची धार लागली, तरी पाय हलले नाहीत. तेव्हा बाबा घाबरले. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. वाचता येणारी घरात मीच, म्हणून मलाही नेलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी पोटरीचा तुकडा काढून तपासला. मी हट्ट केला म्हणून मलाही सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. मला नुसते पांढरे, रिकामे गोळे दिसले.

"ही सगळी चरबी," ते म्हणाले. "नस धड आहे, हुकूम पोचतोय. पण तो पाळणारा स्नायूच मरत चाललाय आणि त्याच्या जागी ही भरलीये. म्हणून पोटरी मोठी दिसते." हे का होतं, ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

"पण डाक्तरसाहेब, बैठकांनी ताकद येईन ना?"

"बैठका? अहो, जोराच्या कामानं असा स्नायू जास्तच फाटतो. कोणी करायला लावल्या?"

बाबांनी मान खाली घातली. खाटेवरून भावानं विचारलं, "मंग मी खरंच बोलत होतो ना?"

"हो बाळा, खरंच बोलत होतास."

त्याला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. शेजारच्या खाटेवाल्याला, नर्सबाईंना, परतीच्या बसमध्ये कंडक्टरला, ज्याला त्याला तो सांगत सुटला, "मले बिमारी हाय, मी कामचोर नाही." बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. तो माझ्याकडे सरकला आणि माझी समजूत काढावी तसं हळूच म्हणाला, "बाबा सांगत म्हणून तुले मारा लागे ना, ताई? आता नाही मारा लागणार."

मी हो म्हणाले. त्यानंतर तो सात वर्षं जगला. त्या सात वर्षांत एकदाही मी त्याला खरं सांगितलं नाही.