मधूची सावड

मधूची मांडी पुन्हा फाटेल, ही भीती काही केल्या जात नाही. परवा उत्रोलीच्या साहेबरावांकडे भाताची लावणी आहे आणि हा जाणार म्हणतो.

मधू माझा धाकटा मुलगा. वडिलांसारखी वकिली करायची सोडून तो उत्रोलीला मामाची भातखाचरं करू लागला. भोरहून सायकलने जातो-येतो. सुरुवातीला गावाने चेष्टा केली. पारूबाई बांधावरून ओरडायची, "वकीलसाहेब, चिखलाला तारीख देताय व्हय?" तरी तो प्रत्येक सावडीला गेला. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात राबायचं, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, माणसाला माणूस. एकही पाळी चुकवली नाही, म्हणून तो त्यांच्यातला झाला. आता पारूबाई त्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता घेते.

यंदा चिखलणीत बैल घसरला. त्याला सावरताना मधूच्या मांडीचा स्नायू फाटला. डॉक्टरांनी पायाला पूर्ण विश्रांती सांगितली. आठवड्यात दुखणं उतरलं, तसा हा सावळारामच्या लावणीला गेला. वाकून मागे सरकताना पुन्हा तिथेच कळ आली.

मी जीवशास्त्र शिकले, म्हणून भीती जरा जास्तच. स्नायूच्या धाग्याला लागून, त्याच्या वेष्टणाखाली, बारीक पेशी निजून असतात. एरवी त्या विभागतही नाहीत. धागा फाटला की जाग्या होतात, एकीच्या दोन, दोनांच्या चार. मग थांबतात. बऱ्याचशा जुळून नवा धागा होतो, थोड्या पुन्हा निजतात. त्यांना उठवतं कोण, आणि पुरे म्हणतं कोण, हे शास्त्रज्ञांनाही अजून नीट उमगलेलं नाही. पण धागा कोवळा असतानाच ताणला तर सगळं पहिल्यापासून, एवढं मला कळतं. आणि दर वेळी भरून येतंच असं नाही. कधी नुसता कडक व्रण राहतो. दुखायचं थांबलं म्हणजे आतलं काम संपलं असं नव्हे. सांगून सांगून मी थकले.

काल साहेबराव स्वतः आले. "मधूभाऊ, लंगडा बैल आमी औताला जुपत न्हाई. निजा घरी."

ते हसत म्हणाले, पण मधूचा चेहरा उतरला. ते गेल्यावर मला म्हणाला, "आई, यंदा नको म्हणाले. पुढच्या वर्षी बोलावणारच नाहीत."

"आणि पायच गेला तर?"

"पाय माझा आहे."

मी भांडी आवरायला उठले.

सावडीत माणसाला माणूस लागतं. ते घरातलं कुठलं, हे कुणी पाहत नाही. म्हातारी अक्काबाई सुनेच्या जागी येऊन दिवसभर बांधावर रोपांच्या मुठी बांधत बसली होती, असं मधूनेच सांगितलेलं. मला मुठी बांधता येत नाहीत. शिकेन. पारूबाई हसेल, हसू दे. कंबर आताच दुखते आहे, तेव्हाही दुखेल.

उत्रोलीत फोन एकट्या साहेबरावांकडे आहे. सकाळी मधू उठायच्या आत त्यांना फोन लावीन आणि सांगेन, आमची पाळी सोडू नका, मधूच्या जागी मी येते.