दूर नेलेली तबकडी

ठाण्याच्या शाळेतल्या मोठ्या खोलीत रावसाहेबांनी माझ्यादेखत पितळेच्या दोन्ही तबकड्यांवर पाणी शिंपडलं. तुळशीचं पान बुडवून. चार दिवस मी त्या राख-चिंच लावून घासल्या होत्या. माझा हात लागला होता, एवढाच त्यांचा दोष.

"आता ठीक," रावसाहेब म्हणाले. "चालू द्या, मास्तर."

रावसाहेब ठाण्याचे मोठे वकील, त्या दिवसाचे अध्यक्ष. पुढे सतरंजीवर शे-सव्वाशे माणसं. मी दाराशी, उघड्या फरशीवर, लोकांच्या चपला-जोड्यांच्या रांगेत.

मास्तर म्हणजे कल्याण स्टेशनातले तारमास्तर. त्यांच्या हाताखाली मी बॅटऱ्यांची भांडी धूत असे. तेजाबाने बोटांची सालं निघायची, म्हणून ते काम महारवाड्यातल्या माणसाला मिळालं. मी तेव्हा बावीस वर्षांचा. मास्तरांना विजेचं वेड होतं आणि ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते मला सांगत. चार हात लांबून सांगत, पण सांगत. एकदा म्हणाले, "ठाण्याचं व्याख्यान नीट पार पडू दे, मग तुला तारेची लिपी शिकवतो." आमच्या वाड्यातला माणूस तार वाजवणार! त्या एका वाक्यावर मी चार महिने काढले.

प्रयोग साधा होता. काचेच्या पायावर उभी एक तबकडी. तिच्यासमोर दोन बोटं अंतर सोडून दुसरी. मधे नुसती हवा. काचेचं चक्र फिरवून पहिल्या तबकडीत वीज भरायची आणि मग चक्र सोडवून घ्यायचं. तिला तारेने एक बरणी जोडलेली, बरणीत सोन्याच्या वर्खाची दोन पानं. पानं जितकी फाकतील तितका विजेचा दाब. मास्तर सांगत, दोन तबकड्यांच्या मधे विजेची ओढ सगळीकडे सारखी असते. हिच्याजवळ जास्त, तिच्याजवळ कमी, असं नाही. कडेला तेवढी ती वाकते, पण पुस्तकातल्या तबकड्यांना कड नसते. मला हे फार आवडायचं. सगळीकडे सारखं असं काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी पाणी काचेच्या पायांवरून ओघळलं होतं. मास्तरांनी चक्र फिरवलं, घाम येईपर्यंत फिरवलं. वीज ओल्या काचेवरून जमिनीत पळून जात होती. पानं लोंबकळत राहिली. लोक हसायला लागले. मास्तरांना कारण माहीत होतं, पण रावसाहेबांना सांगणार कोण? मास्तर माझ्यावर उखडले.

"गाढवा, नीट पुसलं नाहीस!"

गाडीतून उतरतानाच त्यांनी बजावलं होतं, "तिथे तोंड उघडायचं नाही. काही झालं तरी."

मग काचेचे पाय शेगडीवर शेकले. पहिला वाळला. दुसरा तडकला. आता दुसरी तबकडी कोणीतरी हातात धरायला हवी होती. मास्तरांनी सतरंजीकडे पाहिलं. कोणी उठेना. विजेची धास्ती विटाळाहून मोठी निघाली.

"त्यालाच धरू द्या," रावसाहेब म्हणाले.

मी पुढे गेलो. अनवाणी. तबकडी हातात घेऊन पहिलीच्या समोर, दोन बोटं अंतरावर धरली. माझ्या अंगातून ती जमिनीला जोडली गेली. प्रयोगाला ते चालतच होतं. मास्तरांनी वीज भरली, चक्र सोडवलं. पानं जराशी फाकली. लोक "वा" म्हणाले. रावसाहेब बघायला अगदी जवळ आले. खिडकी माझ्या पाठीशी होती. माझी सावली त्यांच्या अंगावर पडली.

"सावली पडते आहे. मागे हो."

मी मागे झालो. माझ्याबरोबर तबकडी मागे आली. पानं आणखी फाकली.

मला कळलं. चक्र सोडवलेलं होतं, म्हणजे आतली वीज होती तेवढीच राहणार. मधली ओढही तेवढीच. पण तबकडी जितकी दूर न्यावी तितका दाब चढतो. बॅटरीच्या खोलीत मास्तरांनी हे मला दहा वेळा दाखवलं होतं. आणि रावसाहेबांचा अंगठीचा हात मला हाकलता हाकलता उभ्या तबकडीच्या जवळ जवळ जात होता.

"अजून मागे."

वीतभर मागे झालो. पानं ताठ. हात मागे घ्या रावसाहेब, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. ते तोंडातून निघेनात. त्या खोलीत माझ्या जातीचा माणूस कधी बोलला नव्हता. मी मास्तरांकडे पाहिलं. ते लोकांकडे तोंड करून दाबाविषयी बोलत होते.

"ऐकू येत नाही का? मागे!"

मी पाऊलभर मागे सरलो. फट्. पायावरच्या तबकडीतून निळी ठिणगी निघाली आणि अंगठीवर पडली. रावसाहेब ओरडून सतरंजीवर कोसळले. पगडी घरंगळत गेली.

मग एकच गिल्ला झाला. "मारलं! करणी केली!" कोणीतरी काठी उचलली. मी तबकडी छातीशी धरली. धोतर ओलं झालं होतं. हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी मेलो असंच मला वाटलं.

रावसाहेबांना काही झालं नव्हतं. बोडक्या डोक्याने उठले.

"नाक घास. सगळ्यांसमोर. म्हण, माझ्या विटाळाने झालं."

मास्तर माझ्याजवळ आले. प्रथमच इतके जवळ. हळू म्हणाले, "घास रे. दोन मिनिटांचं काम. लिपी शिकवायचं मी बघतो."

मी गुडघे टेकले. खोटं कशाला सांगू, घासणारच होतो. तबकडी फरशीवर ठेवली आणि वाकलो. तिच्यात माझं तोंड दिसलं. स्वच्छ. चार दिवस मीच घासली होती. त्या पितळेत विटाळ कुठे दिसत नव्हता. एक घाबरलेला माणूस दिसत होता, नाक खाली करून.

मी उठून उभा राहिलो. आवाज बाईसारखा बारीक निघाला.

"इटाळ न्हाई. तुम्ही मागं हो म्हनलात, मी मागं झालो. तबकडी मागं आली, दाब चढला. मास्तरांना इचारा."

सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तर बरणीतल्या पानांकडे बघू लागले. पानं खाली लोंबत होती.



पहिली काठी पाठीवर बसली, दुसरी कानावर. मी पळालो. खाडी ओलांडून कळव्याकडे. दिवस मावळेपर्यंत मिठागराच्या बांधाआड पडून राहिलो. गवत हललं तरी वाटायचं, आले. मग पायी कल्याण. आईने पाठ पाहिली आणि रडायलाच लागली. "जा, पाय धर त्यांचं. आपल्याला हितंच ऱ्हायचंय." ती खोटं बोलत नव्हती. आम्हाला जायला दुसरीकडे कुठे जागा होती?

सकाळी स्टेशनात गेलो. बॅटरीच्या खोलीला कुलूप. मास्तर बाहेर उभे होते.

"ठाण्याला चल," ते म्हणाले. "माफी माग. खोली तुझी, लिपी तुझी. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

"मास्तर, तुम्हाला ठाव व्हतं का न्हाई?"

"होतं."

"मग?"

"मला नोकरी आहे, बाबा."

"मला बी व्हती."

ते चिडले. मी बोलता बोलता त्यांच्या फार जवळ गेलो होतो. सवयीनेच म्हणाले, "जरा मागे सरून बोल."

माझे पाय आपोआप उचलले गेले. बावीस वर्षांची सवय. टाच मागे पडलीही. मग मी ती पुन्हा पुढे आणून टेकवली. कानातून अजून रक्त येत होतं. मी मास्तरांच्या डोळ्यांत बघत राहिलो.

"न्हाई," म्हणालो.

शेवटी मास्तरच मागे सरले.

लिपी मला कोणी शिकवली नाही. त्या खोलीत मी परत पाऊल ठेवलं नाही. भीती गेली असंही नाही, आजही कोणी खेकसलं की आधी नजर दाराकडे जाते. पण "मागे हो" ऐकून मी पुन्हा कधी हललो नाही. कल्याणच्या बाजारात नाही, कचेरीत नाही. पाठीवर वळ घेऊन उभा राहिलो आहे. पुढेही उभा राहीन. ज्याला अंतर हवं असेल त्याने स्वतः सरावं.