बाहेर जाणारा नंबर

अपेक्षा मरवडेचं पहिलं काम अनोळखी लोकांना फोन करायचं होतं, आणि ते तिला मुळीच आवडत नव्हतं.

रोह्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झाल्यावर ती ऐरोलीला एका कंपनीत लागली. कंपनी क्रेडिट कार्डं विकायची. कॉम्प्युटर स्वतःच नंबर लावायचा, पलीकडे कुणी उचलला की हिच्या कानात टिक् वाजायचं आणि हिने हसऱ्या आवाजात सुरू व्हायचं. तिथे तिचं नावही अपेक्षा नव्हतं. फोनवर सोपं नाव बरं पडतं म्हणून टीम लीडरने तिला अनन्या करून टाकलं होतं. अनन्याचा फोन दिवसभर लोक कापायचे. कुणी शिव्या देऊन, कुणी काहीच न बोलता. अपेक्षाला त्यांचा राग यायचा नाही. आपल्या आईने असा फोन उचलला असता तर तिनेही कापलाच असता, असं तिला वाटायचं.

तिचे वडील दिनानाथ धाटावच्या एका कारखान्यात होते. रिटायर व्हायच्या आधीच त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातापायांत हळूहळू ताकद आली, पण बोलणं अडकलं. अपेक्षा ऐरोलीहून फोन करायची, आई फोन त्यांच्या कानाला लावायची आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मध्येच एखादं अक्षर. अपेक्षा आपली बोलत राहायची, जेवण, हवा, शिफ्ट. एकदा असं बोलता बोलताच तिने ठरवलं आणि महिना संपल्यावर बॅग भरून रोह्याजवळ वरशाला घरी आली.

रोह्यात मनासारखं काम मिळेना. पेणला एक ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथे बाहेरच्या टेबलावर माणूस हवं होतं. वरसे ते पेण रोजचं जाणं-येणं तसं लांब, पण तिने घेतलं.

त्या टेबलावर एक जुना फोन होता. दवाखान्याइतकाच जुना त्याचा नंबर. तो फाटकावर रंगवलेला, रुग्णांच्या फायलीवर छापलेला, औषधांच्या पिशवीवर छापलेला. नागोठण्यापासून कोलाडपर्यंतच्या गावांत पुष्कळ घरांत तो भिंतीवर खडूने लिहिलेला असायचा. अपेक्षाने या फोनवरून आपल्या खऱ्या नावाने बोलायला सुरुवात केली. "उद्या टाके काढायचेत, या बरं का." "थेंब संपले का? संपू देऊ नका." पलीकडचं माणूस फोन कापत नाही, उलट "जेवलीस का" म्हणून विचारतं, याचं तिला सुरुवातीला नवल वाटायचं.

मग ट्रस्टने रोह्याला शाखा काढायचं ठरवलं. मोठ्या डॉक्टर, सावनी टिपणीस, म्हणाल्या की एका लायनीवर आता भागणार नाही. फोन सदा गुंतलेला, लोक वैतागतात. इंटरनेटवर चालणारी फोनची सिस्टिम घेऊ, म्हणजे पेण आणि रोहा एकमेकांना आतल्या आत बोलतील, वॉर्डात, औषधांच्या खिडकीत, सगळीकडे वेगळा फोन राहील. ते खरंच होतं. पनवेलहून विराज नावाचा तंत्रज्ञ आला. शांत माणूस, काम करताना स्वतःशी गुणगुणायची सवय. त्याने वायरी ओढल्या, टेबलाटेबलांवर काळे चकचकीत फोन ठेवले आणि सगळ्यांना गोळा करून वापर समजावून दिला.

आतल्या आत बोलणं सोपं होतं. बाहेर फोन लावण्यात मात्र पहिल्याच दिवशी सगळे अडकले. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबायचं, एवढं सगळ्यांच्या लक्षात होतं. पण मोबाइलला लावताना नंबरच्या आधी अजून एक शून्य लागायचं. वॉर्डातल्या सिस्टर वैतागून खाली आल्या.

"एक शून्य दाबलं ना मी, मग का लागत नाय?"

"ते एक सिस्टिम खाते, सिस्टर," अपेक्षा म्हणाली. "टेलिफोन कंपनीला तिचं वेगळं द्यावं लागतं."

विराजला हसू आलं. त्याने तिथेच बसून नियम बदलला. आता दहा आकडी नंबर दिसला की सिस्टिमने आपणहून शून्य जोडायचं. परदेशी जाणारे फोन त्याने बंद करून टाकले, कुठल्या टेबलावरून बाहेर बोलता येईल आणि कुठून नाही तेही ठरवलं. अपेक्षा शेजारी खुर्ची ओढून बघत बसली होती. फोन उचलल्यावर आवाज बाहेर कुठल्या वाटेने जातो हे तिने ऐरोलीत इतकी वर्षं काढून कधी पाहिलं नव्हतं. ती प्रश्न विचारत गेली, तो सांगत गेला.

थोड्याच दिवसांत काहीतरी बिघडलंय हे तिला जाणवायला लागलं. फोन लागत होते, वाजत होते, पण लोक उचलत नव्हते. तपासणीच्या दिवशी बाकं रिकामी राहायची. टिपणीस मॅडम म्हणाल्या, "सणवार नाही, काही नाही, पेशंट गेले कुठे?"

अपेक्षाने टेबलावरच्या फोनवरून स्वतःच्या मोबाइलला रिंग दिली. पडद्यावर कधी न पाहिलेला, लांबलचक नंबर आला. ती त्याच्याकडे बघत राहिली. हा फोन तर अनन्याचा, असं तिच्या मनात आलं.

विराजने फोनवर खुलासा केला. टेलिफोन कंपनीने नव्या लायनीबरोबर नव्या नंबरांचा एक गठ्ठा दिला होता. जुना नंबरही त्याच लायनीवर आणला होता, पण येणाऱ्या फोनसाठी. जाणारा फोन गठ्ठ्यातल्या पहिल्या नंबरावरून जात होता. "बाहेर कुठला नंबर दाखवायचा ते मी विचारलं होतं, मॅडम. तेव्हा कोणी काही बोललं नाही, म्हणून आहे तसं ठेवलं. पुढच्या फेरीला बदलून देतो."

पुढची फेरी लांबली. तोवर एका सकाळी मुंबईच्या नेत्रपेढीतून निरोप आला की एक बुबुळ मिळतंय, दुपारपर्यंत पोचेल.

बुबुळासाठी थांबलेल्यांच्या यादीत पहिलं नाव गुणाजीचं होतं. कोलाडच्या पलीकडच्या एका वाडीतला शेतकरी. भात कापताना पातीचं टोक उजव्या डोळ्यात गेलं, आधी घरचे उपाय झाले, मग पिकलं आणि बुबुळावर पांढरं फूल पडलं. डावा डोळा लहानपणापासूनच अधू. वालाच्या शेतात बायको रंभा निंदायची आणि हा बांधावर बसून नुसता आवाजावरून अंदाज घ्यायचा. त्याच्याकडे फोन नव्हता, फोन रंभाकडे असायचा.

अपेक्षाने लावला. वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिने स्वतःच्या मोबाइलवरून करून पाहिला. तोही अनोळखीच की. तोही कापला. रंभाच्या वाडीत अपेक्षाच्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं. मेसेज पाठवला, पण रंभाला वाचता येत नाही, ती फक्त दवाखान्याचा नंबर आकड्यांवरून ओळखते, हे तिला ठाऊक होतं.

टिपणीस मॅडम बाहेर आल्या. "लागला?"

"वाजतोय, पण घेत नाहीत, मॅडम."

"अपेक्षा, उद्या सकाळी ऑपरेशन करायला हवं. जेवायच्या सुट्टीपर्यंत बघू. नाहीतर पुढच्या पेशंटला बोलवावं लागेल." त्यांनाही ते म्हणणं जड जात होतं. गुणाजीला त्यांनीच तपासलं होतं.

आपला मोबाइल मोकळा ठेवून अपेक्षाने औषधांच्या खिडकीतल्या माणसाच्या मोबाइलवरून विराजला फोन लावला. तो अलिबागच्या एका हॉटेलात कामावर होता. तिने घाईघाईने सगळं सांगितलं.

"मी इथलं आवरून निघालो तरी दोन तास लागतील," तो म्हणाला. "तुम्ही कराल का? मी सांगतो तसं. पासवर्ड देतो."

"बिघडलं तर?"

"बिघडलं तर परत होतं तसं करू."

तिने कॉम्प्युटरवर सिस्टिमचं पान उघडलं. विराज एकेक शब्द सांगत होता. बाहेर जाणाऱ्या फोनचे नियम, मग लाइन, मग दिसणारा नंबर. तिथे तो लांबलचक नंबर बसलेला होता. तिने तो खोडला, फायलीवर छापलेला जुना नंबर जसाच्या तसा भरला आणि साठवला. मग टेबलावरच्या फोनवरून आपल्या मोबाइलला रिंग देऊन पाहिली. काहीच नाही. नुसता तुटक पीप पीप आवाज.

वरून सिस्टरचा आतला फोन आला. "अगो, बाहेर एकपण फोन लागत नाय."

दवाखान्यातून बाहेर जाणारा प्रत्येक फोन तिने बंद पाडला होता. "विराजदादा, सगळंच गेलं," ती म्हणाली.

पलीकडे गुणगुणणं थांबलं. "घाबरू नका. नंबर कसा टाकलात, वाचा बघू."

तिने वाचला. "मध्ये रेघ आहे? ती काढा. आणि पेणचा कोड कुठंय? कोडाशिवाय कंपनीला कळत नाही हा नंबर कुणाचा, म्हणून ती फोन परत ढकलते. पुढे कोड लावा. कोडाच्या आधीचं शून्य मात्र नको."

तिने तसं केलं, आकड्यावर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि साठवलं. टेबलावरून पुन्हा रिंग दिली तसा तिचा मोबाइल वाजला. पडद्यावर तिनेच केव्हातरी साठवलेलं नाव आलं, 'दवाखाना'. रिंग ऐकून विराज म्हणाला, "आला ना? मग त्यांना लावा आता. मी ठेवतो."

रंभाने दुसऱ्या रिंगला उचलला.

"बोल गो बाय. मगापास्नं कोन मेला फोन करतोय, कापून कापून दमले मी."

"मीच होते, काकू."

"तू व्हय? मग आपला नंबर का नाय दिसला?"

"ते आल्यावर सांगते. आधी ऐका. काकांसाठी डोळा आलाय."

"डोळा आला?" रंभा बुचकळ्यात पडली. "नाय गो, डोळं काय लाल नाय झालेले त्यांचे. बरं हाय."

अपेक्षाला हसू आवरेना आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. "तसा नाही, काकू. बुबुळ आलंय. बसवायला. आज संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघं इथे या, उद्या ऑपरेशन."

पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडत होता.

"कुनाचा हाय गो?" रंभाने हळूच विचारलं.

"नाव सांगत नाहीत. कुणीतरी गेलं, आणि त्यांच्या घरच्यांनी दिला."

"आजच गेलं असंल?"

"आज, नाहीतर काल."

"त्यांच्या घरी आज चूल नसंल पेटली," रंभा म्हणाली. मग आवाज बदलून म्हणाली, "येतो आमी. यांना बांधावरनं आनते."

एसटीने दोघं दिवेलागणीच्या आधी पोचली. रंभाच्या हातात कपड्यांची पिशवी, गुणाजीचा हात तिच्या खांद्यावर. त्याने एकच विचारलं, "दुखंल का?" अपेक्षा म्हणाली, "थोडं दुखेल, काका." त्याने मान डोलावली.

ऑपरेशन नीट झालं, पण दृष्टी काही लगेच आली नाही. मधे एकदा डोळा लाल होऊन टोचायला लागला. नव्या बुबुळाला शरीर नाकारतंय की काय, अशी टिपणीस मॅडमना शंका आली. त्या वेळी अपेक्षाने सकाळ-संध्याकाळ रंभाला फोन करून थेंबांची आठवण केली. ते दिवस गेले. आज गुणाजीला अक्षर वाचता येत नाही आणि येईल असं मॅडम म्हणतही नाहीत. पण तो बांधावरून एकटा चालतो, वालाची शेंग भरली की नाही ते बघून सांगतो आणि रंभाशी त्यावरून भांडतोही.

विराज नंतर आला तेव्हा त्याने रोह्याच्या शाखेचं काम काढलं. तिथल्या रुग्णांना रोह्याचा कोड असलेला नंबर दिसावा, असं अपेक्षाने सुचवलं. पेणचा नंबर रोह्याकडचे नवे लोकही ओळखतील याची काय खात्री? विराजने तिथल्या फोनला वेगळी वाट दिली. शिवाय एखाद्या दिवशी रोह्याचं इंटरनेट गेलं तर फोन पेणच्या लायनीवरून जावा, अशी सोय केली. या वेळी नियम अपेक्षा भरत होती आणि तो शेजारी बसून बघत होता.

आता रुग्ण घरी जायला निघाला की अपेक्षा त्याच्या माणसाला टेबलापाशी थांबवते, तिथूनच त्याच्या मोबाइलवर एक रिंग देते आणि म्हणते, "हा आमचा नंबर. नाव टाकून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र टाका." कुणी डोळ्याचं चित्र टाकतं, कुणी चष्म्याचं. एका म्हातारीने गणपतीचं टाकलं.

मॅडमनी तिला रोह्याच्या शाखेत बदली दिली आणि दोन्हीकडच्या फोनची जबाबदारीही. वरसे तिथून जवळच. दुपारी जेवायला ती घरी जाते. दिनानाथ ओटीवर खुर्चीत बसलेले असतात. तिला येताना पाहून ते काहीतरी म्हणतात. पहिलं अक्षर लागायला वेळ लागतो. ती चपला काढत, घाई न करता, त्यांचं पुरं होईपर्यंत दारातच थांबते.