आधी पाय, मग टर्बो

गाडीची ताकद वाढवायला निघालेल्या माणसाचा उजवा पाय तुम्ही कधी नीट पाहिला आहे का? मळवलीजवळ गॅरेज चालवणारे आमचे भाऊ मिस्त्री पाहायचे. बॉनेट उघडण्याआधी म्हणायचे, "आदी पाय बगू." जाड तळाचा बूट दिसला की तो काढायला लावायचे आणि शेजारी बसून गिऱ्हाइकाला पवना धरणाच्या रस्त्यानं एक चक्कर मारायला सांगायचे. लाखांची गाडी आणलेल्याला अनवाणी बसवणारा दुसरा मिस्त्री अख्ख्या मावळात नव्हता.

यंदा उन्हाळ्यात एका बंगलेवाल्याचा मुलगा लाल गाडी घेऊन आला. वय पंचविशीचं, भाऊंचं साठीचं. तरी पहिलं वाक्य, "मिस्त्री, टर्बो बसव."

चक्कर मारून आल्यावर भाऊ म्हणाले, "तुमाला सुपरचार्जर बरा, दादा."

"का? टर्बो जमत नाही तुला?"

"जमतो की. पर सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. पाय दाबला की तवाच जोर येतो, दाबला तेवढाच. टर्बो फिरतो धुरावर. आदी जरा थांबतो, मग एकदम रेटतो. तुमी वळणातच पाय दाबता. गाडी वळत असताना रेटा आला तर?"

"सुपरचार्जरला टर्बोसारखा चुस्स आवाज येतो?"

"न्हाई."

"मग नको."

एका चुस्ससाठी! मला किळस आली, पण गॅरेजातल्या बाकावरच्या बाकी चौघांसारखा मीही हसलो. आम्ही रोजचेच होतो तिथे. चहा भाऊंचा, गप्पा आमच्या.

तो गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, सरळ नाही का म्हणत नाही?"

"दुसरा कुणी ब्रेक न बगता बसवंल," ते म्हणाले.

म्हणून त्यांनी आधी मोठे ब्रेक घातले, मग टर्बो, आणि त्याचं प्रेशर कमी ठेवलं. आठवड्यानं तो परत आला. प्रेशर वाढवून हवं होतं.

"न्हाई वाढवायचं," भाऊ म्हणाले. "त्या रस्त्यानं आमची म्हसरं येत्यात. त्यास्नी न्हाई कळायचं तुमचा टर्बो कवा जागा व्हतोय ते."

आम्ही पुन्हा हसलो. तो मात्र हसला नाही. जाताना म्हणाला, "शहरात वाढवून घेतो."

आणि घेतलं. तिकोणा पेठेच्या वळणावर गाडी सरळ कणसं भाजणाऱ्या मावशीच्या शेगडीवर गेली. मावशीचा पाय दोन ठिकाणी मोडला. त्याला कपाळावर तीन टाके पडले. त्याचे मित्र चुरगळलेल्या गाडीभोवती उभे राहून कुठल्या टर्बोनं हे झालं नसतं यावर वाद घालत होते. मावशीची कणसं त्यांच्या बुटांखाली होती.

जबाबात त्या पोरानं लिहून दिलं, की प्रेशर मिस्त्रीनं वाढवलं आणि सांगितलं नाही. पोलिसांनी गॅरेजला सील ठोकलं. भाऊ आता तळेगावला बहिणीकडे असतात. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या नखांत ग्रीस नाही. मी भेटायला गेलो तर त्यांनी एवढंच विचारलं, "मावशी उठून बसती का रं?"

मग मी साक्ष द्या म्हणायला बाकावरच्या चौघांकडे गेलो. एकजण बंगला राखतो, दुसरा बंगल्यांना दूध घालतो, बाकी दोघांची पोरं तिथंच कामाला आहेत. चौघांचं उत्तर एकच: "आपल्याला काय म्हाईत?" त्या पोराची मला किळस आली होती. यांची त्याहून जास्त येते.

गुन्हा सिद्ध झाला तर भाऊंना तुरुंग आहे. सोमवारी सकाळी मी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जाणार आहे. मी एकटा गेलो तर म्हणतील, मिस्त्रीचा चमचा आला. तो प्रेशर वाढवायला आला त्या दिवशी गॅरेजात गाडी घेऊन, सायकल घेऊन, नुसते सावलीला म्हणून जे जे थांबला होतात, ते सोबत या. भाऊ "न्हाई वाढवायचं" म्हणाले, एवढंच सांगा. तुम्ही ते ऐकलं आहे.