गोठ्यातलं समालोचन

मला कसोटी क्रिकेट आवडतं, आणि त्यातही अनिर्णित सामने जास्त आवडतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी आताच हसून घ्यावं. आमच्या घरातली नातवंडं हसतातच. पाच दिवस खेळून निकाल लागत नाही म्हणजे काय गं आजी, असं विचारतात. त्यांचे सामने जेवणाच्या दोन वेळांच्या मधे संपतात. हरू नये म्हणून दिवसभर उभं राहणं काय असतं, ते त्यांना कुठून कळणार? मी वाद घालत बसत नाही. टीव्हीचा रिमोट तेवढा ताब्यात ठेवते.

माझे आवडते विक्रमही असेच आहेत. सर्वांत जास्त शतकं कुणाची ते शाळेतलं पोरगंही सांगेल. मला आठवतो तो परदेशी संघातला शेवटचा फलंदाज, जो दीड तासाहून जास्त वेळ खेळला आणि शून्यावर बाद झाला. जग त्याला हसलं. पण त्याच्या संघानं तो सामना वाचवला, हे कुणी सांगत नाही. आणि आपला तो डावखुरा फिरकी गोलंदाज! मद्रासला त्यानं एकामागून एक वीसहून जास्त षटकं निर्धाव टाकली. त्या डावात त्याला बळी एकही मिळाला नाही, तरी नाव राहिलं. फार जुन्या काळी एका सामन्याला दिवसांची मर्यादाच ठेवली नव्हती. आठवडा उलटून गेला, जिंकायला थोड्याच धावा उरल्या, आणि पाहुण्यांचं जहाज सुटायची वेळ झाली म्हणून खेळ अर्धवट सोडून मंडळी निघून गेली. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या माणसांचा असा संताप आला होता की विचारू नका. जहाज गेलं तर जाऊ दे की! असं अर्ध्यात सोडून कुणी उठतं का?

हे वेड मी माहेराहून आणलं. माहेर धारूरचं. आमच्या दाराला लागून रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानातले चाचा कसोटी सुरू असली की बाकीची कामं बाजूला सारायचे. मी उंबऱ्यावर बसून ऐकायची. समालोचन हिंदीतलं, त्यामुळे क्रिकेटमधलं सगळं मला हिंदीतच पाठ झालं. चाचांना निकाल लागणारे सामने आवडायचे. "बेटी, ड्रॉ याने बगैर नमक की दाल," असं म्हणायचे. मी तेव्हाही त्यांच्याशी भांडायची. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी एक जुना ट्रान्झिस्टर नीट करून दिला. आहेरातली भांडी कुठं गेली ते आठवत नाही, ट्रान्झिस्टर मात्र मी जिवापाड जपला.

सासर डोंगराच्या पायथ्याचं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, तो रेडिओ डोळ्यांसमोर नको असायचा. "त्या डबड्यातल्या गड्यास्नी पगार भेटतोय. तुला काय भेटतंय?" असं त्या येताजाता म्हणायच्या. रेडिओ मी बंद केला नाही. भाकरी थापताना ऐकला, धार काढताना ऐकला.

मग तो दुष्काळ आला. दिवाळीनंतर गडीमाणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेली, त्यांत आमचे मालकही होते. गावात राहिलो आम्ही बायका, म्हातारी माणसं आणि उरलीसुरली जनावरं. डेअरीही बायकांवरच येऊन पडली होती. डेअरी म्हणजे आमच्या सहकारी सोसायटीचं दूध संकलन केंद्र, देवळामागची एक खोली. सकाळ-संध्याकाळ तिथं दूध घालायचं, तालुक्याच्या दूध संघाचा टेम्पो येऊन कॅन घेऊन जायचा. त्या साली शेतातून काही येणार नव्हतं. दुधाच्या बिलावर चुली पेटत होत्या.

आमची गाय गावात त्यातल्या त्यात जास्त दूध देणारी. पण तिचं वासरू हगवणीनं गेलं आणि गाय पान्हवेना, दूधच सोडेना. कासेला हात लावला की लाथ झाडायची. पुढ्यात भिजवलेल्या पेंडीचं अंबोण ठेवून पाहिलं, पाठीवरून हात फिरवून पाहिला, काही उपयोग होईना. एका संध्याकाळी रेडिओवर कसोटीचं शेवटचं सत्र चाललं होतं. समालोचकाचा आवाज संथ, एका लयीत. मी ऐकता ऐकता सवयीनं धारेला बसले आणि गाय पान्हवली! दुसऱ्या दिवशीही तेच. गाईला क्रिकेट कळतं असा माझा दावा नाही. पण आवाज तिला मानवला, एवढं खरं.

कसोटी संपली. पुढं रेडिओचे सेलही संपले. सेल आणायला धारूरला जायचं म्हणजे टँकरच्या रांगेतला नंबर गेला. मग मीच समालोचन सुरू केलं. गोठ्यात, हलक्या आवाजात, हिंदीतून. एका जुन्या वाचवलेल्या सामन्याचा शेवटचा दिवस मला जवळजवळ पाठ होता. आपला गडी सकाळपासून उभा आहे, चौफेर क्षेत्ररक्षक जवळ येऊन बसलेत, आणि तो एकेक चेंडू खाली दाबतोय. रोज थोडा थोडा सामना पुढं न्यायची. गाय दूध द्यायची. हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक व्हावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. डोक्यावर पदर घेतलेली सून गोठ्यात गाईला क्रिकेट सांगते, हे गावात कळलं असतं तर नाव पडलं असतं.

अशात दूध संघातून आमचा कॅन परत आला. दुधाला डिग्री लागत नाही, म्हणजे लॅक्टोमीटर खाली बुडतो, म्हणजे दुधात पाणी आहे. पुन्हा असं झालं तर केंद्र बंद, असा निरोप. मी सोसायटीची सभासद, दूधही माझंच जास्त, म्हणून बायकांनी मलाच पुढं केलं. टेम्पोबरोबर तपासणीचे साहेब आले होते. त्यांना मी म्हणाले, "साहेब, टँकर आला की हितं घागरीसाठी झिंज्या धरत्यात बाया. दुधात घालायला पाणी कुठलं? उद्या दूध विकून पाणी घ्यायची पाळी यील आमच्यावर."

साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "ताई, मशीन दाखवतं तेच मी लिहितो. निर्णय अंतिम असतो."

पंचानं बोट वर केलं की मुकाट्यानं तंबूची वाट धरायची, ही कसोटीची रीत मला मान्य आहे. पण पंचानं चेंडू तरी पाहिलेला असतो. या साहेबांनी आमची गाय पाहिलीच नव्हती. जनावरांना खायला फक्त वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, त्याचं दूध पातळ निघणार नाही तर काय होणार? मी म्हणाले, "गोठ्यात चला. तुमच्यासमोर धार काढते. तुमच्या भांड्यात काढते. ते मोजा."

साहेब म्हणाले, "चला."

अर्धा गाव मागं आला. गोठ्याच्या दारात बायका, कुडाबाहेर म्हातारे, उंबऱ्याशी आत्याबाई. मी साहेबांची चरवी गुडघ्यांत धरून बसले. कास धुतली नाही, कोरड्या फडक्यानं पुसली, नाहीतर पाण्याच्या एका थेंबावरूनही संशय आला असता. आणि गाय पान्हवेना. एवढी अनोळखी माणसं, तिनं कान टवकारले आणि दूध वर ओढून घेतलं. मी सड ओढत राहिले, चरवी कोरडीच. साहेब घड्याळ बघू लागले. "ताई, दूध येत नाही की काढायचं नाही? मला पुढच्या गावाला जायचंय."

मला उपाय माहीत होता. पण जीभ उचलेना. खरं सांगते, त्या क्षणी डेअरी गेली तरी चालेल पण हे नको, असं एकदा मनात येऊन गेलं. दारातल्या बायकांची तोंडं उतरली होती.

तेवढ्यात उंबऱ्यापासून आवाज आला. "कावून गप बसलीस? रोज बडबडतीस तसं बडबड की!"

मी मान वळवली. आत्याबाई माझ्याकडं नाही, गाईकडं बघत होत्या. म्हणजे भिंतीपलीकडून त्या रोज ऐकत होत्या तर! मला रागच आला. साहेबांचा, मशीनचा, न पडलेल्या पावसाचा, माझ्या स्वतःच्या लाजेचा. हसा म्हटलं, किती हसायचं ते हसा. आणि मी सुरू केलं, नेहमीपेक्षा मोठ्यानं.

"और गेंदबाज अपने रनअप पर... ये आए, ये गेंद... ऑफ स्टंप के बाहर, बल्लेबाज ने छोड़ दिया. कोई रन नहीं."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्याबाई गरजल्या, "गप बसा बे!" म्हातारा हसला होता की बाई, हे त्यांनी पाहिलंच नाही.

"अगली गेंद... आगे बढ़कर रोका. कोई रन नहीं." गाईनं कान खाली टाकले. "दर्शकों में सन्नाटा. फिर वही गेंदबाज... पैड पर लगी! ज़ोरदार अपील! अंपायर ने सिर हिलाया, नॉट आउट!" पहिली धार चरवीच्या तळाला वाजली. मी थांबले नाही. षटकामागून षटक निर्धाव टाकत गेले आणि चरवी भरत गेली. फेस वर आल्यावर मी थांबले, तेव्हा आमचा गडी अजून उभा होता.

साहेबांनी तिथंच लॅक्टोमीटर सोडला. कॅनमधल्या दुधाला लागली होती तेवढीच डिग्री. त्यांनी तो पुसून पुन्हा एकदा सोडला आणि म्हणाले, "पाणी नाही. पण दूध पातळच आहे, ताई. भाव कमी बसेल. केंद्र चालू राहील."

टेम्पो गेल्यावर बायकांत कुरबूर झाली. भाव तर कमीच मिळाला, मग जिंकलो काय, असं एकजण म्हणाली. मी तिला म्हणाले, "जिंकलो न्हाई. हरलो बी न्हाई." मला ठाऊक होतं की हे तिला पटलेलं नाही. अजूनही पुष्कळांना पटत नाही. त्या केंद्रात आजही दूध घालतात, एवढंच माझं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी धारेला बसले. कुणी हसलं-बोललं तर ऐकून घ्यायची तयारी होती. आत्याबाई गोठ्यात आल्या. इतक्या वर्षांत धारेच्या वेळी त्या कधी आत आल्या नव्हत्या. पेंढीवर बसल्या, पदर सारखा केला आणि विचारलं, "त्यो गडी औट झाला का गं?"

"न्हाई, आत्याबाई. उभा हाय."

"मंग कर की सुरू," त्या म्हणाल्या. "आन् त्याला औट करू नकोस."