राजूरच्या अलीकडे थांबलेली गाडी

आईने शेक नको म्हणायला सुरुवात केली, त्याच दिवसांत आमची गाडी अडखळायला लागली. तिच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर डॉक्टरांनी रोजचे किरणांचे शेक सांगितले होते. मध्ये खंड पडू द्यायचा नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. आठवडाभर आम्ही जालन्यात मस्तगडला मावशीकडे राहायचो, रविवारी धावड्याला घरी यायचो आणि सोमवारी सकाळी परत निघायचो. गाडी एरवी नीट चालायची. पण पुढच्या ट्रकला मागे टाकायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती श्वास अडकल्यासारखी जागीच रेंगाळायची आणि मग हिसका देऊन पळायची. एका मिस्त्रीने प्लग बदलले, दुसऱ्याने पेट्रोलचा फिल्टर बदलला. दोघांनी माझ्या शेजारी बसून फेरी मारली, आणि दोघांसमोर ती शहाण्यासारखी चालली.

आई म्हणाली, "गाडीलाबी जायचं न्हाई. तूच ओढून राह्यली दोघींना."

मला राग आला. भीमजयंतीच्या स्टॉलवर वडील पुस्तिका विकायचे, त्या वाचत मी मोठी झाले. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे मी अक्षरांबरोबरच शिकले. नवसांविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहून वाटली आहेत. यंत्र संकेत देत नसतं, असं मी आईला सुनावलं. पण कारण मला सापडत नव्हतं, आणि शेक सोडू पाहणाऱ्या आईला थांबवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. संध्याकाळी बुद्धवंदनेला बसले तरी ओठ चालायचे, मन कोरडंच राहायचं.

त्या सोमवारी चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीला पायी जाणारी माणसं रस्त्याच्या कडेने चालली होती. राजूर थोडं पुढे असताना मी एका ट्रॅक्टरला मागे टाकायला गेले आणि गाडी रेंगाळली. समोरून एसटी येत होती. कशीबशी परत ट्रॅक्टरच्या मागे आले आणि लिंबाखाली गाडी थांबवली. आई शांतपणे म्हणाली, "फिरव माघारी." आज ती माघारी गेली तर पुन्हा निघणार नाही, हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

तेवढ्यात एक पन्नाशीचा अनवाणी माणूस चालणाऱ्यांची रांग सोडून आमच्याकडे आला. कपाळाला शेंदूर, खांद्याला झोळी. त्याने बोनटवर हात ठेवला तशी मी उतरून त्याला ऐकवलं, की आम्ही बौद्ध आहोत, गाडीची पूजा, नारळ, काही करायचं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पूजा कोण करून राह्यलं, ताई? बोनट खोल म्हणलं."

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

त्याला गाड्यांमधलं काही कळत नव्हतं. तसं त्याने लगेच सांगूनही टाकलं. तो फक्त विचारत राहिला. चढावर होतं का? गरम झाल्यावर होतं का? हळू गेलं तरी होतं का? तापल्या पोराची चौकशी करावी तसं. उत्तरं देता देता माझ्याच लक्षात आलं, की एकदम दाबलं तरच होतं. आणि मिस्त्री शेजारी असताना मी गाडी बंद पडायच्या भीतीने जपून दाबत होते. म्हणजे कुणीतरी एकदम दाबायला हवं आणि मी आत पाहायला हवं. तो माणूस गाडीत बसायला नको म्हणाला. राहिली आई.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मी तिला आधी हळूच दाबून बघ म्हणाले. पण आईने आयुष्यात शिलाई मशीनचा पायटाच चालवलेला. तिने तसाच दणकन पाय दिला. इंजिन एका बाजूला कललं, हवेच्या फिल्टरकडून इंजिनाकडे हवा नेणारा जाड रबरी पाईप ताणला गेला आणि त्याच्या घडीतली चीर तोंडासारखी उघडली. फस्स आवाज आला, इंजिन घुसमटलं. पाय काढला की चीर मिटली, जणू काही नव्हतंच. आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं. मग आई खाली उतरली, म्हणाली मला बघू दे, आणि मी दाबत असताना ती वाकून टक लावून पाहत राहिली.

त्या माणसाने झोळीतून पायाच्या फोडांना लावायची चिकटपट्टी काढली. त्याच्या टाचा सोलल्या होत्या. मी नको म्हणाले. त्याला अजून चालायचं होतं.

तो म्हणाला, "पायाचं कातडं परत येतं. तुमच्या पाईपाचं येतं का?"

पट्टी संपेपर्यंत आम्ही ती पाईपाला गुंडाळली. राजूरपर्यंत सोडते म्हटलं तर त्याने मान हलवली, चालत जाण्याचा शब्द दिलेला होता. आईने त्याला जय भीम केला, त्यानेही "जय भीम, अक्का" म्हटलं आणि लंगडत निघाला. नाव विचारायचं राहिलं.

गाडी अडखळली नाही. जालना जवळ आल्यावर आई म्हणाली, "आज डॉक्टरला म्हण, माझ्या आतला फोटो मलाबी दाखवा. बघू तरी काय हाये ते." डॉक्टरांनी दाखवला. तिने तो उजेडाकडे धरून खूप प्रश्न विचारले आणि आपणहून शेकाला आत गेली. नंतरचा एकही शेक तिने चुकवला नाही.

पाईप मी जालन्यातच बदलला. त्या चिरेचं कारण मला समजलं. मात्र इतक्या चालणाऱ्यांतून तोच माणूस आमच्याकडे का वळला, याचं कारण सापडलेलं नाही, आणि न सापडल्याचा मला राग येत नाही, कुतूहल वाटतं. 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत सरण जाणं म्हणजे डोळसपणे विचार स्वीकारणं, असं मी सभांमधून सांगत आले. ते खरंच आहे. पण त्या सकाळी, ज्याच्या श्रद्धेशी मी भांडत होते त्याच्याच पायांची पट्टी मला हात पुढे करून घ्यावी लागली. तेही सरण जाणंच होतं. आता वंदनेत संघाला सरण जाताना मी क्षणभर थांबते. त्या संघात कुणाला धरायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणं मी माझ्याकडे ठेवलेलं नाही.